गल्लीतील पाच सोसायट्या आणि एक पत्र

बाजारात आपली संघटना असते. जकातीचा प्रश्न असो वा २०१७ साली आलेला जीएसटी, कापडवाल्यांनी एकत्र बसून निवेदने दिली, बंद पाळले. पण तोच व्यापारी रात्री घरी परतला की सोसायटीच्या सभेची नोटीस न वाचताच घडी करून ठेवतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले.

आमची इमारत मुंबईच्या उपनगरात आहे. एका गल्लीत पाच सोसायट्या, पाचही एकाच बिल्डरच्या, एकाच भूखंडावर. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. जुलैत गटार तुंबले की पाणी पायरी चढून दुकानात यायचे. एका वर्षी आमच्या खालच्या फळीवरचे सगळे तागे भिजले. डाग पडलेले कापड कोणत्या भावाने जाते, हे वाचकांना सांगायला नको. त्या वर्षी पाचही सोसायट्यांनी वॉर्ड ऑफिसला वेगवेगळी पत्रे दिली. प्रत्येकीला उत्तर मिळाले की अडथळा शेजारच्या आवारात दिसतो. पाच पत्रे, पाच उत्तरे आणि पाणी जिथल्या तिथे.

मग एका रात्री शटर पडल्यावर पाचही सेक्रेटरी आमच्या दुकानात बसले. दुसऱ्या दिवशी वरच्या टोकापासून एकेक चेंबर उघडून पाहिले. खरे सांगायचे तर दोन चेंबरमध्ये निघाले ते आमच्याच गाठींचे प्लास्टिक आणि सुतळी. आम्ही मान खाली घातली.

खर्चाची गोष्ट निघाली तेव्हा चढावरची सोसायटी अडली. "आमच्याकडे पाणी साचतच नाही, पैसे कशाचे?" त्यांची तक्रार वेगळीच होती. हातगाड्या आणि टेम्पो दिवसभर उभे राहतात, घरी कोणी आजारी पडले तर गाडी आत येत नाही. तक्रार रास्त होती. शेवटी ठरले की दुकानदारांनी सकाळी दहाच्या आत माल उतरवून घ्यावा आणि खर्चाचा निम्मा वाटा उचलावा. दोन दुकानदार भाऊ अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. पण चढावरच्या सोसायटीने सही केली.

पत्र फेब्रुवारीत दिले, आणि हे महत्त्वाचे. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई ३१ मेपर्यंत उरकण्याचे महापालिकेचे धोरण असते. जूनमध्ये अर्ज देणे म्हणजे ईद झाल्यावर माल भरणे. एकच पत्र, पाच कमिट्यांचे ठराव आणि गटाराचा एक नकाशा. या वेळी इंजिनिअर स्वतः आले. बाहेरचा भाग महापालिकेने साफ केला, आतला आम्ही. त्या पावसाळ्यात पाणी पायरीपर्यंत आले, आत आले नाही.

ही युक्ती नवी नव्हे. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी नव्वदीच्या दशकात कचऱ्याचा प्रश्न गल्लीच्या पातळीवर हाती घेतला होता. त्याच धर्तीवर १९९७ पासून महापालिकेने एएलएम, म्हणजे ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, ही योजना शहरात राबविली.

आता पुढचा मसला गटारापेक्षा मोठा आहे. आमची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. १९६३ च्या मोफा कायद्याखालील नियमांप्रमाणे, करारात मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने मालकी हस्तांतरित करावयाची असते. आमच्याकडे त्याने ते केले नाही. कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाल्यापासून अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्स, मिळविता येते. पण भूखंड एक आणि इमारती पाच असल्या की कोणाच्या वाट्याला किती जमीन, हा सवाल आधी येतो. एकट्याने अर्ज केला तर मधल्या मोकळ्या जागेवरून शेजाऱ्याशीच हुज्जत. आणि उद्या पुनर्विकास निघाला तर रस्त्यावरचे दुकान रस्त्यावरच मिळेल की मागे ढकलले जाईल, याची चिंता आपल्यालाच जास्त.

चार सोसायट्यांचे कागद तयार आहेत. चढावरच्या सोसायटीला मंजूर नकाशाची प्रत सापडत नाही. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला आहे. चौघींनी थांबावे की पुढे जावे, यासाठी रविवारी रात्री शटर पडल्यावर सभा आहे. आम्ही थांबण्याच्या मताचे आहोत.