एम-थ्रीचं गणित आणि सुजलेलं आतडं

एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री डिफरन्शियल इक्वेशन्स घोकताना 'हे आयुष्यात कुठे वापरणारे यार?' असं तुम्हीही म्हटलं असेल. एक जागा सांगते. तुमचं मोठं आतडं.

तिथे फिकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया अशा भारदस्त नावांचे जिवाणू राहतात. भाकरी-उसळीतला आपल्याला न पचलेला चोथा ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची साधारण 70 टक्के ऊर्जा यातूनच येते. शिवाय प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या 'रेग्युलेटरी टी' पेशी त्यामुळे वाढतात, हे 2013 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. (ब्युटिरेट लोण्या-तुपातही असतं. पण खाल्लेलं तूप वर लहान आतड्यातच शोषलं जातं. आजी, सॉरी!)

खरी गंमत ऑक्सिजनची आहे. अस्तरातल्या पेशी ब्युटिरेट जाळताना ऑक्सिजन संपवतात. या जिवाणूंना तेच हवं असतं, कारण ऑक्सिजन म्हणजे त्यांच्यासाठी विष. आतड्याला सूज आली की पेशींचं हे काम बिघडतं. ऑक्सिजन आत झिरपतो, ब्युटिरेट बनवणारे कमी होतात, ई. कोलायसारखे फोफावतात, सूज आणखी वाढते. मग आधी काय बिघडलं, सूज की जिवाणू? नुसतं बोलून हा गुंता सुटत नाही.

म्हणून समीकरणं. सूज, ब्युटिरेट, जिवाणू, प्रत्येकाला एक व्हेरिएबल आणि तो किती वेगाने बदलतो याचं एक इक्वेशन. 1920च्या दशकात लोटका आणि व्होल्टेरा यांनी शिकार-शिकाऱ्यांसाठी मांडलेल्या गणिताचंच हे भावंड. अशा चक्राचं गणित सोडवलं की दोन स्थिर अवस्था मिळू शकतात, एक शांत, एक सुजलेली. मधे उंबरठा. तो एकदा ओलांडला की आल्या वाटेने परत जाता येत नाही. म्हणजे जेवढ्या ब्युटिरेटवर निरोगी आतडं शांत राहतं, तेवढंच सुजलेल्या आतड्याला दिलं तर काहीच होत नाही. आधी औषधाने सूज उतरवावी लागते. रुग्णांना ब्युटिरेट देऊन केलेल्या चाचण्यांचे निकाल संमिश्र का आले, याचं हे एक कारण असू शकतं. असू शकतं, एवढंच. कागदावरचं आतडं खऱ्यापेक्षा फारच सोपं असतं.

हे आपल्या पानावर कशाला? कारण क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस बऱ्याचदा 15 ते 35 या वयातच सुरू होतात. आणि आपण? 'परीक्षेचं टेन्शन', 'कालचा वडापाव' म्हणत महिनोन्महिने ढकलतो. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, जुलाब थांबत नसतील, तर थेट डॉक्टरकडे जा. लाजू नका, ते रोज हेच ऐकतात.

आणि तुमचा एम-थ्री निघाला असेल, तर एक्सेलमध्ये तीन कॉलम करून हे चक्र फिरवून बघा. एक आकडा जरासा हलवला की सगळा आलेख कसा उलटतो, ते बघण्यासारखं आहे.