बाटलीवरील चिठ्ठी आणि कायद्याचे दायित्व



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते आम्हांला रसायनशास्त्र शिकवीत. प्रयोगशाळेतील कोणतीही बाटली उचलण्यापूर्वी तिच्यावरील चिठ्ठी मोठ्याने वाचावी, असा त्यांचा दंडक होता. चिठ्ठी पुसट झालेली बाटली ते स्वतः बाजूला काढून ठेवीत. पुढे मी मराठीचा अध्यापक झालो आणि रसायनांशी माझा संबंध सुटला. तरीही रसायने बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर कायदा कोणती जबाबदारी टाकतो, हा विषय मी आज निवडला. कारण त्याचे मूळ मला त्या चिठ्ठीत दिसते.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री, आपल्या इंदूरपासून दोनशे किलोमीटरांच्या आत, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे प्राणांस मुकली. आत काय साठविले आहे आणि ते सुटल्यास काय करावे, हे भोवतालच्या वस्त्यांना ठाऊक नव्हते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही त्या विषाची पुरेशी माहिती नव्हती. या अज्ञानानेही बळी घेतले.

वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम उद्योगाच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणी न्यायमूर्ती भगवती यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये निर्णय दिला. त्यापूर्वी १८६८ चा एक इंग्रजी दंडक प्रमाण मानला जाई. धोकादायक वस्तू आवाराबाहेर निसटली तर मालक जबाबदार. मात्र दैवी आपत्ती किंवा तिऱ्हाइताचे कृत्य असल्यास त्याची सुटका होई. न्यायालयाने या पळवाटा बंद केल्या. घातक उद्योग चालविणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली, तरी हानीची भरपाई त्यानेच केली पाहिजे, आणि ती उद्योगाच्या आर्थिक क्षमतेच्या प्रमाणात असावी. याला मी ‘निरपवाद दायित्व’ म्हणेन. यामागील एक विचार लक्षात घेण्यासारखा आहे: धोका ओळखण्याची व तो टाळण्याची साधने उद्योगापाशीच असतात, शेजाऱ्यापाशी नसतात.

हे झाले अपघातानंतरचे. अपघातापूर्वीची कर्तव्ये १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनी घालून दिली. घातक रसायनाची सुरक्षा-माहितीपत्रिका तयार ठेवणे, पिंपावर त्यातील द्रव्याचे व उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव लिहिणे, मोठ्या साठ्यासाठी आपत्कालीन योजना आखणे आणि आसपासच्या रहिवाशांना धोक्याची कल्पना देणे, ही त्यांतील प्रमुख होत. आयातदाराने मालाची माहिती संबंधित अधिकाऱ्यांस आधी कळवावयाची असते. ‘माल परदेशात बनला’ एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. पुढे १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने पीडितास मालकाचा दोष सिद्ध न करताही तातडीची मदत मिळण्याची तरतूद केली.

मात्र कायदा झाला म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. भोपाळचा दावा १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांच्या तडजोडीने मिटविण्यात आला. वाढीव भरपाईची केंद्र सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. ज्या दुर्घटनेमुळे देशाला या प्रश्नाकडे पाहणे भाग पडले, तिच्याच पीडितांना त्या तत्त्वाची कसोटी लागलेली पाहावयास मिळाली नाही.

भाषेचा अध्यापक म्हणून एकच गोष्ट जोडतो. कीटकनाशकांवरील माहिती प्रादेशिक भाषांतही छापावी, असे नियम सांगतात. डब्यावरील लाल त्रिकोण तर अत्यंत विषारी द्रव्याची खूण म्हणून निरक्षरालाही दिसावा, अशी योजना आहे. तरीही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. छापलेला इशारा ज्याच्यासाठी असतो त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, तर कागदोपत्री कर्तव्य पुरे होते. माणूस मात्र वाचत नाही.

ज्याला धोका ठाऊक आहे, त्याने तो न कळणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगावा, हेच या साऱ्या कलमांचे सार आहे. आपल्यापैकी कित्येक माजी विद्यार्थी आज कारखान्यांत अधिकारी आहेत, काहींचे स्वतःचे उद्योगही आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की उद्या आपल्या गोदामात जावे आणि पुसट झालेली चिठ्ठी कोठे आहे ते पाहावे. सरांनी तेच केले असते.