आपला स्वयंपाक किती अल्बमचा?

मुंबईच्या कॉटन ग्रीनमधून आमचा बचत गट बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. कोणता पदार्थ करताना कोणतं संगीत ऐकावं, आणि त्या निमित्ताने कधी न ऐकलेलं गाणं आपल्या स्वयंपाकघरात कसं आणावं, हे आज सांगायचं आहे. ऐकायला चैनीचा विषय वाटतो. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यातून आपल्या कामाचा हिशोबही निघतो.

आधी आमच्या जागेबद्दल थोडं. कॉटन ग्रीन हे हार्बर लाईनवरचं स्टेशन, शिवडी आणि रे रोडच्या मधलं. नावातच कापूस आहे. पूर्वी कुलाब्याला भरणारा कापसाचा बाजार पुढे इकडे आला, आणि त्याची मोठमोठी गोदामं इथे उभी राहिली. पलीकडे लालबाग, परळ, म्हणजे गिरणगाव. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून माणसं गिरणीत आली. बरेचजण घरची माणसं गावी ठेवून एकटेच राहायचे. त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बाया. आपल्याच खोलीत, आपल्याच चुलीवर, पाळीप्रमाणे जेवण तयार ठेवायच्या. त्यांचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंगा वाजायच्या आत भाकऱ्या व्हायलाच हव्यात. याच बायांना एकत्र करून, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देऊन प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि भोंगेही थांबले. आता बाईच्या स्वयंपाकाची वेळ कोण ठरवतं? नवऱ्याची लोकल, मुलांची शाळा, पाण्याची वेळ. गाण्याने वेळ ठरवायची कल्पना आमच्या गटात इथूनच निघाली.

खरं तर यात नवं काहीच नाही. पदार्थ आणि गाण्याची सर्वात जुनी जोडी आपल्याच घरातली आहे: जातं आणि ओवी. दळताना हात ज्या चालीने फिरतो, त्याच चालीने ओवी येते. गाण्यामुळे हाताला लय मिळते, दळण जड वाटत नाही, आणि मनातलं कोणाला न सांगता सांगून होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं आणि तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया. ‘परी’ या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ओव्या ऐकायला मिळतात, आणि ओवी गाणाऱ्या बाईचं नाव, गाव तिथे दिलेलं असतं. गिरणीत दळण जायला लागलं, तशी घरातली जाती कोपऱ्यात गेली. जात्याबरोबर गाणंही गेलं. हाताला मात्र अजून लय हवीच असते.

आता दोन शब्द समजून घेऊ. पहिला शब्द अल्बम. एका गायकाने किंवा मंडळाने एकत्र काढलेली आठ-दहा गाणी म्हणजे अल्बम. जुन्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांची गाणी मावायची, म्हणून दोन्ही बाजू मिळून अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा होई. ती सवय अजून बरीचशी टिकून आहे. अल्बममधल्या गाण्यांचा क्रम ठरवलेला असतो. ताटात मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात यांच्या जागा ठरलेल्या असतात ना, तसंच. म्हणून अल्बम शक्यतो सुरुवातीपासून ओळीने ऐकावा.

दुसरा शब्द इंडी रॉक. रॉक म्हणजे गिटार, जाड आवाजाची बास गिटार आणि ड्रम यांवरचं ठसक्याचं संगीत. इंडी म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय कलाकार आपल्या पैशाने, आपल्या मनासारखं गाणं करतात आणि आपणच लोकांपर्यंत पोचवतात. हे आपल्याला समजायला अवघड नाही. व्यापाऱ्याला माल न देता आपला गट स्वतःचा मसाला, स्वतःचे पापड, स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून विकतो, तोच हा प्रकार. आणि आपल्यासारखीच त्यांचीही अडचण असते. माल चांगला असतो, पण तो आहे हे लोकांना कळतच नाही.

जोडी कशी लावायची? आम्ही तीन गोष्टी बघतो. पहिली, हाताची चाल. भाकरी थापायला जोरकस ताल चालतो, कणीक मळायला एकसारखा, आणि मंद आचेवरच्या पदार्थाला संथ. दुसरी, वेळ. पिठल्याला तीन गाणी पुरतात, पुरणाला अख्खा अल्बमही कमी पडतो. तिसरी, ऋतू आणि मन. थकलेल्या दिवशी ड्रम नको वाटतात. आता आमच्या गटात जमलेल्या चार जोड्या सांगतो.

पहिली जोडी, पिठलं-भाकरी आणि ‘अभंग रिपोस्ट’. हे मुंबईच्या तरुण मुलांचं मंडळ. संतांचे अभंग ते गिटार आणि ड्रमच्या साथीने गातात. वारीत पिठलं-भाकरी हे हक्काचं जेवण, म्हणून ही जोडी. ड्रमच्या ठोक्यावर भाकरी अशी झरझर फिरते की बघत राहावं. आमच्या गटातल्या एका आजींनी पहिल्या दिवशी विचारलं, विठ्ठलाला गिटार कशाला? त्यावर दुसरी म्हणाली, आजी, भजनाची पेटी तरी कुठे आपली? तीही युरोपातूनच आली. आजी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीत त्यांनीच ते गाणं परत लावायला सांगितलं.

दुसरी जोडी, कांदाभजी आणि ‘गारवा’. मिलिंद इंगळे यांचा हा अल्बम 1990 च्या दशकाच्या शेवटी आला. तो रॉक नाही, पण पावसाचा अल्बम म्हणून त्याला तोड नाही. सौमित्र यांची कविता, मग गाणं, पुन्हा कविता, असा तो चालतो. भज्यांनाही असंच थांबत थांबत करावं लागतं. कांदा उभा, पातळ चिरून मीठ चोळून ठेवायचा. दोन गाणी होईपर्यंत त्याला पाणी सुटतं. त्यातच चिरलेली मिरची, हातावर चोळलेला ओवा, मावेल तेवढं बेसन आणि चमचाभर तांदळाचं पीठ घालायचं. वरून पाणी घालायचं नाही, म्हणजे भजी कुरकुरीत होतात. तळताना आवाज बारीक करा, तेलाकडे लक्ष हवं.

तिसरी जोडी, नागलीची भाकरी आणि ‘द वारली रिव्होल्ट’. हे एकच गाणं, 2019 चं. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या तरुणांच्या गटाने ते आरे जंगलातले आदिवासी गायक प्रकाश भोईर यांच्यासोबत केलं. रॅप म्हणजे तालावर भरभर बोलत म्हटलेलं गाणं. जंगल आणि जमिनीबद्दल आदिवासी काय म्हणतात, ते त्यात आहे. नागलीचं पीठ उकळत्या पाण्यात टाकून झाकण ठेवतो, वाफ मुरायला थांबतो, त्या वेळात हे गाणं ऐकून होतं. नागली पिकवणाऱ्या माणसांचा आवाज ऐकत नागलीची भाकरी करायची, एवढाच त्यामागचा विचार.

चौथी जोडी आम्हाला सगळ्यात आवडती. हुलग्याचं माडगं आणि ‘तिनारिवेन’ या मंडळाचा ‘अमान इमान’ हा 2007 चा अल्बम. हे लोक आफ्रिकेतल्या माली देशाचे, सहारा वाळवंटातल्या तुआरेग जमातीचे. त्यांच्या भाषेत अल्बमच्या नावाचा अर्थ आहे, पाणी म्हणजे जीवन. आपल्याकडे 1972 चा दुष्काळ पडला, रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या आणि सुकडीच्या आठवणी तुमच्या सासूबाईंकडे असतील. त्याच सुमाराला तिकडेही दुष्काळ पडला, जनावरं मेली आणि तरुण पोरं घर सोडून परमुलखात गेली. त्यातूनच हे मंडळ उभं राहिलं. त्यांच्यातल्या इब्राहिम या गायकाने लहानपणी आपली पहिली गिटार पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून केली होती. त्यांच्या गाण्यात टाळ्या आहेत, बायकांचे हुंकार आहेत, आणि उंटाच्या चालीसारखी संथ लय आहे. शब्द आम्हाला एकही कळत नाही. पण गावाकडची आठवण काढणारा आवाज कोणत्याही भाषेत ओळखू येतो. गिरणगावात वाढलेल्या माणसाला तर येतोच.

माडगं म्हणजे आपलं दुष्काळातलं, थंडीतलं जेवण. वाटीभर हुलगे मंद आचेवर खमंग भाजा. गार झाले की जाडसर दळा. दोन-तीन चमचे पीठ गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा. पातेल्यात तीन-चार वाट्या पाणी, गूळ, चिमूटभर मीठ आणि सुंठ घालून उकळा. त्यात कालवलेलं पीठ ओता आणि ढवळत राहा. पीठ शिजून मिळून आलं की झालं. भाजण्यापासून वाढण्यापर्यंत हा अल्बम साधारण पुरतो.

आता नवं संगीत शोधायचं कसं? आमच्या गटाचा नियम असा. दर बैठकीला एकीने एक गाणं आणायचं, आधी कोणी न ऐकलेलं. गाण्यासोबत गाणाऱ्याचं नाव, गाव आणि वाद्य सांगायचं. पहिल्यांदा ऐकून नावं ठेवायची नाहीत, तीन वेळा ऐकायचं. कारल्याची भाजी पहिल्याच घासाला कोणाला आवडली? मग ज्याचं गाणं आवडलं, त्याने आणखी कोणाबरोबर काम केलंय ते बघायचं. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्याकडे वाट जाते. असंच आम्हाला कडूबाई खरात यांचं गाणं मिळालं. एकतारी वाजवत बाबासाहेबांची गाणी गाणारी ही मराठवाड्यातली बाई मोबाईलवरच्या व्हिडिओमुळे घराघरांत पोचली. कंपनी नाही, स्टुडिओ नाही, हातात फक्त एकतारी. तिच्याइतकी स्वतंत्र गायिका आम्हाला दुसरी माहीत नाही.

काही साध्या सूचना. फोन रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला की आवाज मोठा होतो, वेगळा स्पीकर लागत नाही. वाफ, पाणी आणि आच यांपासून तो लांब ठेवा. चुलीपाशी कानात इअरफोन घालू नका, कुकरची शिट्टी आणि फोडणीची मोहरी ऐकू यायला हवी. इंटरनेट कमी असेल तर चांगल्या नेटवर्कच्या जागी गाणी आधीच उतरवून ठेवा. घरात एकच फोन असेल तर त्याची वेळ मागून घ्या. चाळीस मिनिटं, रोज. संकोच करू नका.

आणि आता सुरुवातीला म्हटलेला हिशोब. आमच्या गटातल्या एकीने एक आठवडा सकाळ-संध्याकाळ अल्बम लावून मोजलं. डबे आणि नाश्ता, दोन अल्बम. रात्रीचं जेवण, दीड. भांडी आणि ओटा, अर्धा. म्हणजे दिवसाला चार अल्बम, सुमारे तीन तास. यात बाजार नाही, निवडणं नाही, पाणी भरणं नाही. तिने घरी तास सांगितले नाहीत. नवऱ्याला नुसतं म्हणाली, आज चौथा अल्बम तुम्ही ऐका. तो ओट्यापाशी उभा राहिला आणि गाणी संपेपर्यंत भांडी घासत होता. आता तो अर्धा अल्बम त्याचाच आहे. काम मोजलं की ते दिसतं, आणि दिसलं की वाटून घेता येतं. खानावळवाल्या बायांनीही आपल्या कामाची किंमत मोजली, तेव्हाच बँकेच्या दारात उभं राहता आलं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीसाठी दोन कामं. एक, तुमच्या गावातल्या एखाद्या म्हातारीकडे जा. तिला येत असलेली ओवी तिची परवानगी घेऊन फोनवर भरून घ्या, आणि तिचं नाव, गाव वहीत लिहा. नाव लिहायला विसरू नका, आपल्या आज्यांची गाणी बहुतेक नावावाचूनच गेली. दुसरं, तुमच्याकडचा एक पदार्थ आणि त्याला जुळणारं एक गाणं ठरवा आणि आपल्या रेडिओला कळवा. विदर्भातल्या पाटवडीच्या रश्शाला काय जुळतं, खानदेशच्या कळण्याच्या भाकरीला काय जुळतं, हे आम्हाला इथे बसून कळणार नाही. ते तुम्हीच सांगायचं. आम्ही इकडे पातेल्यात फोन ठेवून वाट बघतोय.