विंडोज ११ इन्स्टॉल होत नाही? नवा मदरबोर्ड घेण्याआधी हे तपासा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बोरिवली असो की मुलुंड, घरचा असेंबल केलेला पीसी विंडोज ११ वर नेताना अनेकांना 'हा पीसी चालणार नाही' असा संदेश दिसतो. पण म्हणून लगेच लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही.

अडतं ते बहुधा टीपीएम २.० पाशी. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या आणि बहुतेक रायझन प्रोसेसरमध्ये ही सोय असते. अनेक बोर्डांवर ती फक्त बंद असते. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. इंटेल असेल तर 'पीटीटी', एएमडी असेल तर 'एफटीपीएम' सुरू करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःचाच डेटा कुलपात!

सिक्युअर बूटसाठी सीएसएम बंद करावं लागतं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर त्यानंतर विंडोज सुरूच होत नाही. त्यामुळे आधी बॅकअप घ्या, 'एमबीआर२जीपीटी' कमांडने डिस्क बदला, मगच सीएसएमला हात लावा.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही? इंटेलच्या अकराव्या पिढीपासून हे व्हीएमडी सेटिंगमुळे होऊ शकतं. बोर्ड कंपनीच्या साइटवरून आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि 'लोड ड्रायव्हर' निवडा.

प्रोसेसरच सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल, तर मात्र बायोसमध्ये कितीही खटपट केली तरी तो मायक्रोसॉफ्टच्या अटीत सहसा बसत नाही. अशा पीसीवर लिनक्स मिंट मोफत टाकता येतं.