मैलांची पुरचुंडी

कलकत्त्याच्या विमानतळावर मी आजवर तीन वेळा उतरलो आहे. पण कलकत्ता शहर काही मी पाहिलेले नाही. हावड्याचा पूल नाही की कालीघाट नाही. तिन्ही वेळा विमानतळाबाहेर पाऊल टाकले, चार घोट चहा घेतला आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा आत शिरलो. आत शिरताना रसगुल्ल्यांचा एक डबा मात्र घेत असे. तिसऱ्या खेपेस खिडकीपलीकडच्या मुलीने माझे तिकीट पाहिले, मग मला पाहिले आणि काळजीने विचारले, "आज सकाळीच आलात ना? काम रद्द झालं का?"

"नाही," मी म्हणालो, "काम झालं. मैल न्यायला आलो होतो."

ती हसली, पण तिला काही कळले असेल असे वाटत नाही. वाचकहो, आपल्यालाही कळले नसेल, तर आधी ते सांगतो.

1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने एक योजना काढली. उतारूने तिच्या विमानाने जितके मैल प्रवास करावा, तितके मैल त्याच्या खात्यावर जमा व्हावेत आणि पुरेसे साठले की त्यांवर त्याला एक तिकीट मिळावे. किराणा दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला वर्षअखेर एखादे कॅलेंडर देतो, त्यातलाच हा प्रकार! हा हा म्हणता जगभरच्या कंपन्यांनी तो उचलला. आपल्याकडे एअर इंडियाने 'फ्लाइंग रिटर्न्स' काढले, जेट एअरवेजने 'जेट प्रिव्हिलेज'. आणि मग एक नवीच जमात जन्माला आली. कुठे जायचे म्हणून नव्हे, तर मैल मिळतात म्हणून विमानात बसणाऱ्यांची. स्वस्तातले स्वस्त तिकीट, लांबातले लांब अंतर. उतरायचे आणि त्याच पावली परतायचे.

या वेडाला हद्द नाही. 1999 साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स नावाच्या एंजिनियराने एका खाद्यपदार्थाच्या कंपनीची जाहिरात वाचली. वेष्टनावरचे छाप कापून पाठवा आणि विमानाचे मैल मिळवा! त्याने हिशेब केला. पुडिंगचा एक पेला 25 सेंटला पडत होता आणि त्यावर मिळणारे मैल त्याहून कितीतरी मोलाचे होते. पठ्ठ्याने 12,150 पेले विकत घेतले. इतके छाप कापायचे कोणी? त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकले आणि तिच्या स्वयंसेवकांनी त्याला वेष्टने काढून दिली. तीनएक हजार डॉलरांत या गृहस्थाच्या पदरी साडेबारा लाखांच्या आसपास मैल पडले!

मी एवढा थोर नव्हे. मी पेणचा. कारखान्याच्या मालासाठी गावोगाव हिंडण्यात माझी नोकरी गेली आणि कंपनीच्या पैशाने केलेल्या त्या प्रवासाचे मैल आपोआप साठत राहिले. 2015 साली निवृत्त झालो तेव्हा खात्यावर 74 हजार होते. ते तसेच पडून राहिले असते. पण मध्ये अक्का आली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. रोह्याला असते, कुंडलिकेपासून हाकेच्या अंतरावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवून पेन्शनीत निघालेली. यजमान लवकर गेले. एकुलती एक मुलगी टोरांटोला. 2016 च्या पावसाळ्यात त्या मुलीला मुलगी झाली आणि तिने आईला तिकीट पाठवतो म्हणून कळवले. अक्काने साफ नाकारले. "लेकीजावयाच्या पैशाने मी विमानात बसायची नाही." मग मी म्हटले, तिकीट मी काढतो. तर म्हणे, "तुझे पैसे तुझ्या मुलाच्या शिक्षणाला राहू देत." स्वतःचे पैसे तिने घराची कौले बदलण्यासाठी ठेवले होते. तेव्हा मला एकदम माझे मैल आठवले.

"अक्का, हे फुकटचे आहेत. नाहीतरी एक दिवस मुदत संपून जायचेच!"

"फुकटचे ना? मग चालतील."

मी आनंदाने घरी येऊन चौकशी केली, तर टोरांटोला जाऊन येण्यास 80 हजार मैल पडत होते. मला कमी पडत होते सहा हजार. मुंबई ते कलकत्ता हे हवाई अंतर हजार मैलांच्या थोडे वर; म्हणजे तीन वेळा जाऊन आले की भागले. कंपन्या त्या काळी अंतरावर मैल देत असत. आता ही युक्ती फारशी चालायची नाही. डेल्टा आणि युनायटेड यांनी 2015 पासूनच अंतर सोडून भाड्याचा हिशेब धरला आणि आपल्या एअर इंडियानेही 2024 मध्ये तेच केले.

तिकीट स्वस्त मिळे ते नेमके अडनिड्या दिवशी. पहिले मिळाले ते 1 नोव्हेंबर 2016 चे. घेताना मी कॅलेंडर पाहिले नाही. सौ.ने पाहिले. "अहो, त्या दिवशी भाऊबीज आहे."

मी म्हणालो, "मग? हे अक्कासाठीच तर चाललं आहे."

रात्री दोन वाजता पेणहून निघालो. गोवा रस्त्याचे खड्डे, पनवेल, सांताक्रूझ, विमान, चहा, रसगुल्ले, विमान, पुन्हा खड्डे. घरी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. शेजारचा एक मुलगा रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात नोकरीला आहे, त्याच्याबरोबर ओवाळणीचे पाकीट आणि तो डबा दुसऱ्या दिवशी पाठवून दिला. पुढे आणखी दोन फेऱ्या झाल्या. प्रत्येकी सात हजार रुपये पडले. सौ.ने ते दूधवाल्याच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले आणि वर मथळा दिला: 'फुकटचे तिकीट'.

80 हजार पुरे झाले त्या आठवड्यातच कंपनीचे पत्र आले. दर बदलले होते. टोरांटोला आता 95 हजार लागणार होते. कोणती कंपनी ते सांगत नाही. सगळ्याच असे करीत असतात. मैल म्हणजे अखेर कंपनीच्या वहीतला आकडा. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली तेव्हा तिच्या उतारूंचे साठलेले मैल हवेत विरले. 17 एप्रिल 2019 ला जेटने शेवटचे उड्डाण केले. तिच्या मैलांचा कारभार निराळ्या कंपनीकडे होता म्हणून ते मैल तेवढे वाचले.

अखेर मी रोह्याची गाडी पकडली. पेण ते रोहा चाळीस किलोमीटर, म्हणजे पंचवीस मैल. कासू, नागोठणे, निडी, की आले रोहा. तासाभराची वाट, पण मी सात महिन्यांनी जात होतो.

अक्काने दार उघडले. ओट्यावर तीन रिकामे डबे धुऊन ओळीने पालथे घातलेले. ती त्यांच्याकडे बोट करून म्हणाली, "तीनदा डबा आला. तू एकदाही नाही. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं, माहीत आहे?"

मी खाली मान घालून सगळे सांगितले. तिने पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. शाळेत पोरांकडे अशीच पाहत असणार.

"नुसतं जाण्याचं किंवा नुसतं येण्याचं तिकीट काढता येतं का मैलांवर?"

"येतं. निम्मे मैल लागतात."

"म्हणजे साडेसत्तेचाळीस हजार. आणि पहिल्यापासून तुझ्याकडे चौऱ्याहत्तर होते!"

माझ्याच्याने बोलवेना.

"मग कशाला रे गेलास कलकत्त्याला?" ती म्हणाली. "जाताना मी माझ्या पैशानं जाते. कौलं आणखी एक पावसाळा काढतील. येताना तू आण." आणि मग जरा थांबून, "दोन बॅगा नेता येतात ना? पुढच्या रविवारी येशील तेव्हा पेणचे पोह्याचे पापड घेऊन ये. आणि हो, रसगुल्ले नकोत. मला ते आवडत नाहीत."

जून 2017 मध्ये अक्का गेली, तेव्हा नात धरून धरून उभी राहू लागली होती. ऑक्टोबरात, दिवाळीपूर्वी ती माझ्या मैलांवर परतली. करापोटी जे भरावे लागले, ते तिने परतल्यावर मला मोजून दिले.

परवा पेण स्टेशनात एका तरुणाने मला उत्साहाने सांगितले, "काका, आता विमानतळ आपल्याच जिल्ह्यात आला. मैल जमवायला किती सोपं!" खरेच आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमाने सुटू लागली. मी त्याला म्हटले, "हो, पण माझी गाडी आली." ती रोह्याची होती.

माझ्या खात्यावर 32 हजारांवर मैल उरले होते. 2019 च्या दिवाळीत त्यांची मुदत संपल्याचे पत्र घरी आले. सौ.ने मला ते टेलिफोनवर वाचून दाखवले. मी पाटावर बसलो होतो आणि अक्का निरांजन लावीत होती. मी म्हटले, "राहू दे, आल्यावर बघतो."