आकृतींतील चिन्हांचें रूप

गेल्या वर्षीं शाळेच्या प्रदर्शनांत आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनीं ग्रंथालयांतील देवघेवीची एक आकृति संगणकावर काढून भिंतीवर लाविली होती. 'मुदत संपली काय?' या प्रश्नाचा शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन त्यांस रुक्ष वाटला. म्हणून त्यांनीं त्या जागीं घड्याळाचें चित्र बसविलें व अक्षरेंहि काढून टाकिलीं. एका मुलाचे वडील तेथें बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, येथें मुलानें किती वेळ थांबावयाचें?" दोष केवळ मुलांचा नव्हे, आम्हीं स्वतः त्या घड्याळास शाबासकी दिली होती!

कामाचा क्रम चिन्हांनीं दाखविण्याची कल्पना जुनी आहे. फ्रँक गिल्ब्रेथ व त्यांच्या पत्नी लिलियन यांनीं १९२१ सालीं अमेरिकेंतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढें ती मांडिली. शंकरपाळा म्हणजे निर्णय, आयत म्हणजे क्रिया, हा संकेत १९८५ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकांतहि आहे. मग हीं रूपें बदलूंच नयेत काय? तसें नाहीं. सॉफ्टवेअरच्या रचनेसाठीं १९९७ सालीं मान्य झालेल्या युएमएल या चित्रलिपींत अशी मोकळीक मुद्दाम ठेविली आहे. तींत घटकास 'स्टिरिओटाइप' नांवाचें प्रकारदर्शक बिरुद लाविता येतें व त्या बिरुदास स्वतःचें चिन्ह जोडितां येतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानीं धरावी. अशा आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्यें मूळ घटक निराळा आणि कागदावर दिसणारें त्याचें चिन्ह निराळें. एकच घटक चार आकृतींत येऊं शकतो. एका आकृतींतून त्याचें चिन्ह पुसलें तरी घटक आराखड्यांत राहूं शकतो. मात्र बिरुदाचेंच चिन्ह बदललें, कीं तें बिरुद असलेले सर्व घटक नवा पोशाख घालून उभे राहतात. म्हणून हा बदल करितांना हात जरा आंखडताच असावा.

चित्र शक्यतों रेषांच्या गणितावर आधारलेल्या एसव्हीजी प्रकारचें घ्यावें. तें कितीहि मोठें केलें तरी फाटत नाहीं. बाण जोडण्याचे बिंदूहि तपासावे. पुष्कळदां सॉफ्टवेअर चित्राभोंवतीं एक अदृश्य चौकट धरतें आणि बाणाचें टोंक त्या चौकटीशींच थबकतें. गोल घड्याळापासून बाण बोटभर दूर लोंबकळत होता, तो याचमुळें. केवळ रंगावर भेद ठेवूं नये, कारण काळ्या छपाईंत तो नाहींसा होतो. चिन्हांची सूचि कोपऱ्यांत द्यावी, हें नकाशा वाचणाऱ्यांस सांगावयास नकोच.

मुलांनीं पुढें आकृति सुधारली. शंकरपाळा परत आला, प्रश्न आंत लिहिला गेला, दोन वाटांवर 'होय' व 'नाहीं' हीं अक्षरें उमटलीं. घड्याळ मात्र त्यांना सोडवेना. तें त्यांनीं लहान करून शंकरपाळ्याच्या वरच्या कोनांत बसविलें आहे.