सव्वाशे ग्रॅम पाव आणि एक सिम्फनी

९ ऑगस्ट १९४२ म्हटलं की आपल्याला 'चले जाव' आठवतं. आपल्या विदर्भाला त्यापाठोपाठ १६ ऑगस्टचं चिमूरही आठवतं. पण मैत्रिणींनो, त्याच ९ ऑगस्टला रशियातल्या लेनिनग्राड शहरात, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, एक मैफल झाली. तिची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

जर्मन फौजांनी सप्टेंबर १९४१ मध्ये या शहराला वेढा घातला. तो ८७२ दिवस चालला. पहिल्याच हिवाळ्यात रेशन इतकं घटलं, की कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव आणि लहान मुलं, म्हातारी माणसं, गृहिणी यांना फक्त १२५ ग्रॅम. गृहिणींची गणती 'आश्रितां'मध्ये! गोठलेल्या नदीतून पाणी वाहून घर जगवणाऱ्या बाया आश्रित. हे वाचून मी थबकलेच.

दिमित्री शोस्ताकोविच याच गावचा. पियानोचे पहिले धडे त्याला आईनं दिले. वडील गेल्यावर घरखर्चाला हातभार म्हणून हा पोरगा मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवायचा. १९४१ साली त्यानं सातवी सिम्फनी लिहिली आणि आपल्या गावाला अर्पण केली. तिची स्वरलिपी विमानानं वेढ्यातल्या शहरात पोचली. पण वाजवणार कोण? रेडिओच्या वाद्यवृंदातले कितीतरी जण भुकेनं गेले होते. संचालक कार्ल एलियासबर्ग यांच्या पहिल्या तालमीला जेमतेम पंधरा जण आले. फुंकून वाजवायच्या वाद्यांना दमच पुरेना. मग आघाडीवरून वाजवणारे सैनिक बोलावले, वादकांना थोडं जास्तीचं अन्न मिळू लागलं. क्सेनिया मातुस ही ओबो वाजवणारी बाई वाद्य दुरुस्तीला घेऊन गेली, तर कारागिरानं मजुरी म्हणून मांजर मागितलं, खायला! ही आठवण ती पुढे सांगायची.

मैफलीच्या दिवशी रशियन तोफांनी आधीच मारा करून जर्मन तोफा गप्प केल्या. सभागृह भरलं. लाउडस्पीकरवरून सूर रस्त्यांवर गेले, आणि थेट शत्रूच्या खंदकांपर्यंतही. ते अशक्त वादक सव्वा तासाच्या वर वाजवत राहिले.

एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाची आपल्या कानांना सवय नाही. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्यात कझाकस्तानचे, म्हणजे जुन्या सोव्हिएत भूमीतले, बरेच वादक आले. इथं नागपुरात मी मात्र ही सिम्फनी मोबाइलवरच ऐकली, पोळ्या लाटता लाटता. पहिल्या भागात छोट्या ढोलाच्या ठेक्यावर एकच साधी चाल पुन्हा पुन्हा येते, दर वेळी मोठी होत जाते. शेवटी अंगावर चालून आल्यासारखं होतं. त्यासाठी पाश्चात्य संगीत कळावं लागत नाही.

आमच्या वस्तीतल्या बचत गटात मध्यंतरी भजनासाठी जुनी पेटी घ्यायचा विषय निघाला. एक जण लगेच म्हणाली, "ताई, पोटाले नाही तं गाणं कायले पायजे?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गटाचा पैसा म्हणजे कुणाच्या तरी पोराची फी, कुणाचं औषध. मी त्यांना लेनिनग्राड सांगितलं. मग एका आजीनं चिमूर काढलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकून तिथली माणसं पेटून उठली होती, हे तिनं घरी ऐकलेलं. चर्चा बरीच लांबली. शेवटी ठरलं, गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, महिन्याला प्रत्येकीनं दहा-दहा रुपये वेगळे काढायचे. पहिले दहा रुपये त्या विरोध करणाऱ्या बाईनंच ठेवले.

सुरांनी पोट भरत नाही, हे लेनिनग्राडच्या वादकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते तालमीला गेले. घरात ओढाताण झाली की बाई सगळ्यात आधी स्वतःचं गाणं, वाचन, छंद गुंडाळून ठेवते. निदान तेवढं तरी शेवटी गुंडाळू या.